मुलांच्या पोटगीचा हुकूम बदलून घेतलाय? अनुभव लिहा

मुलांच्या पोटगीचा हुकूम एकदा झाला की झाला, असं आपल्याकडे बरेच जण धरून चालतात. मूल बालवाडीत असताना ठरलेले तीन हजार, ते दहावीला बसलं तरी तीनच हजार. दुसऱ्या बाजूला नोकरी गेलेला बाप थकबाकी चढू देतो आणि वॉरंट दारात आल्यावर वकील शोधायला निघतो. दोघांनाही कायद्यात वाट आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२७, जे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४६ झालं. हिंदू विवाह कायद्याचं कलम २६. घरगुती हिंसाचाराच्या कायद्याचं कलम २५. सगळीकडे अट एकच, परिस्थिती बदललीय हे दाखवा. अडतं ते नेमकं इथे.

ज्यांनी रक्कम वाढवून किंवा कमी करून घेतली, ज्यांचा अर्ज फेटाळला गेला, सगळ्यांनी लिहा. नावं आणि केसचे नंबर नकोत. समोरच्याला शिव्याही नकोत, त्या घालायला दुसरी जागा शोधा.

चिंचवडची:
आमचा घटस्फोट परस्पर संमतीचा. मुलगा तेव्हा तीन वर्षांचा. अटींमध्ये त्याच्यासाठी महिना ४,००० आणि खाली एक ओळ, ‘भविष्यात वाढीव रकमेची मागणी करणार नाही.’ त्या ओळीपायी घरचे सगळे म्हणायचे, सही केलीस ना, आता विषय संपला. मुलगा सहावीत गेल्यावर एका वकीलबाईंकडे गेले. त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, मुलाचा हक्क आईला परस्पर सोडून देता येत नाही. तुमची सही तुमच्यापुरती. कलम २६ खाली, हुकूमनामा झाला होता त्याच शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात अर्ज टाकला.

बाईंनी मला कामाला लावलं. फुलस्केप कागदाला मधोमध रेघ. डावीकडे हुकूम झाला त्या वर्षीचा खर्च, उजवीकडे आजचा, आणि प्रत्येक आकड्यामागे पावती. बालवाडीची फी वर्षाला १८,०००, सहावीची ६५,०००. चष्म्याचं बिल, दोन्ही काळातले भाडेकरार, रिक्षाकाकांची पावती (त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पावती लिहिली असावी, वहीच्या पानावर, खाली ‘आपला विश्वासू’ सकट). अर्जाच्या मसुद्यात मी ‘महागाई प्रचंड वाढली आहे’ असं लिहिलं होतं. बाईंनी ते वाक्य खोडलं. म्हणाल्या, हे जजना ठाऊक आहे, ती तुमच्या घरात कुठून शिरली ते दाखवा.

मग मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र. सर्वोच्च न्यायालयाच्या ४ नोव्हेंबर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून पोटगीच्या प्रकरणात ते दोन्ही बाजूंना भरावं लागतं. ते प्रकरण मुळात आपल्या नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेलं. फॉर्म लांबलचक आहे. पगार, खाती, विमा, गाडी, सोनं, कर्ज, वर तीन वर्षांची बँक स्टेटमेंट. माझाही पगार त्यात आला आणि तो यायलाच हवा. मूल दोघांचं, तर खर्चही दोघांच्या कमाईच्या प्रमाणात. समोरून पगार ४०,००० दाखवला होता. पण स्टेटमेंटमध्ये दर महिन्याच्या पाच-सहा तारखेला एकच रक्कम जमा व्हायची, कुठल्याशा गाळ्याचं भाडं. प्रतिज्ञापत्रात गाळ्याचा पत्ता नाही. न्यायाधीश मॅडमनी एवढंच विचारलं, “हे पैसे कोण देतं?” त्यांचे वकील पुढची तारीख मागायला लागले.

शेवटी ११,००० झाले, अर्जाच्या तारखेपासून, आणि दर दोन वर्षांनी दहा टक्के वाढ. ही वाढ आम्ही अर्जातच मागितली होती. मागून ठेवा, नाहीतर पुन्हा नवा अर्ज, पुन्हा नवी नोटीस. शाळेची निम्मी फी वेगळी मागितली होती, ती नाकारली.

ऊसपट्टा:
बहिणीच्या वतीनं लिहितोय. आमच्याकडं तालुक्याला फॅमिली कोर्ट नाही, प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढं काम चालतं. दोन भाच्यांना मिळून २,५०० चा जुना हुकूम. दाजींचं म्हणणं एकच, मी शेतमजूर. आता ज्याच्या दारात ट्रॅक्टर उभा, तो मजूर कसा?

पगारदाराचं बरं असतं, स्लिप मागवली की झालं. शेतकऱ्याचं उत्पन्न शोधावं लागतं. आम्ही सातबारा काढला, तर दाजींचं नाव गायब, जमीन त्यांच्या आईच्या नावावर. तिथं बहीण खचली. पण सातबाऱ्यावर फेरफार नंबर असतो, म्हणजे जमीन एका नावावरून दुसऱ्या नावावर गेल्याच्या नोंदीचा. तो फेरफार काढला तेव्हा कळलं की बक्षीसपत्र आमची नोटीस बजावल्यावर तीन आठवड्यांनी झालंय. वकिलांनी नोटिशीचा बजावणी अहवाल आणि फेरफार एकाखाली एक लावून निशाणी पाडून घेतली, म्हणजे पुरावा म्हणून कोर्टाच्या नोंदीवर आणलं. शिवाय कारखान्याकडून ऊसबिल कुणाच्या खात्यावर जातं, याची माहिती कोर्टामार्फत मागवली. ऊस आईच्या नावावरच्या रानातला, बिल दाजींच्या खात्यावर.

उलटतपासणीत दाजी म्हणाले, आई देते तेवढं खातो. साहेबांनी ते तसंच्या तसं लिहून घेतलं. पुढं निकालात त्यावर अख्खा परिच्छेद आहे. दोघांना मिळून ९,००० झाले. रक्कम आली का, विचाराल तर हंगामात येते, एरवी वसुलीचा अर्ज करावा लागतो. ते दुखणं निराळं.

ठाणे फास्ट:
मी दुसऱ्या बाजूचा. मुलीसाठी १८,००० देत होतो, कधी चुकवले नाहीत. कंपनीनं आमचा सगळा विभागच बंद केला. सहा महिन्यांनी दुसरी नोकरी मिळाली, पगार जवळपास निम्मा. त्या काळात मित्रांचा सल्ला होता, देणं बंद कर, मग तेच तडजोडीला येतील. असला सल्ला देणाऱ्यांना वॉरंट येत नसतं. अर्ज दाखल झाला म्हणून जुनी रक्कम थांबत नाही. कोर्टानं रक्कम बदलेपर्यंत तीच द्यावी लागते. म्हणून जमेल तेवढे दर महिन्याला बँकेतून पाठवत राहिलो, शेऱ्यात मुलीचं नाव आणि महिना. रोख एक रुपया दिला नाही.

सोबत कामावरून कमी केल्याचं पत्र, दोन्ही पगारपत्रकं आणि मधल्या काळात कुठे कुठे अर्ज केले त्याचे ईमेल जोडले. हे शेवटचं वकिलांनी आग्रहानं लावायला सांगितलं. नोकरी स्वतःहून सोडली असा आरोप होणारच होता आणि झालाही. माझ्या हिशेबात गृहकर्जाचा आणि गाडीचा हप्ता वजा होता. न्यायाधीशांनी दोन्ही बाजूला ठेवले. टॅक्स आणि सक्तीचा पीएफ धरला, बाकी हप्ते म्हणजे तुम्ही आपखुशीनं घेतलेला बोजा. १८,००० चे १३,००० झाले. मधल्या महिन्यांची तूट मात्र चुकती करायला लावली, हप्त्याने.

हळदकुंकू:
@ठाणे फास्ट, राग मानू नका, पण गाडीचा हप्ता मुलीच्या खर्चाच्या आधी वजा करणं मलाही पटलं नसतं. बँक ट्रान्सफरचा मुद्दा मात्र लाखमोलाचा. आमच्याकडे ‘रोख दिले’, ‘नाही दिले’ यावरच वर्ष गेलं.

वऱ्हाडी ठेचा:
माझा अर्ज फेटाळला गेला, तोही लिहिते. पहिला हुकूम होऊन वर्षही झालं नव्हतं. नवऱ्याला बढती मिळाल्याचं नातेवाइकांकडून कळलं म्हणून अर्ज. बढती खरी निघाली, पण पगारातली वाढ किरकोळ होती आणि मुलाच्या खर्चात दाखवण्याजोगा फरक नव्हता. कोर्टाचं म्हणणं, हे जुन्याच हुकमावर पुन्हा भांडणं झालं. रक्कम तेव्हाच कमी वाटत होती तर वरच्या कोर्टात जायचं होतं. नंतर मुलाला वाचादोषासाठी थेरपी सुरू झाली, आठवड्याला दोनदा. त्या बिलांवर केलेला नवा अर्ज मंजूर झाला. आधीचा फेटाळला गेला म्हणून पुढची वाट बंद होत नाही.

सॅन होजेकर:
इकडचं थोडं. कॅलिफोर्नियात रक्कम सूत्रावर निघते, दोघांचं उत्पन्न आणि मूल कुणाकडे किती वेळ राहतं यावर. त्यामुळे ‘किती’ यावर वाद कमी, ‘कधीपासून’ यावर जास्त. १९८६ पासून अमेरिकेत केंद्रीय कायदाच आहे की चढलेली थकबाकी कोर्टाला मागे जाऊन कमी करता येत नाही. बदल फार तर अर्जाच्या तारखेपासून. थकलेल्या रकमेवर इथे वर्षाला दहा टक्के व्याज. मराठी मंडळात एक जण ले-ऑफनंतर एच-वन-बी व्हिसावाल्यांना मिळणाऱ्या साठ दिवसांत नवीन नोकरी शोधण्यात इतका बुडाला की रक्कम बदलायचा अर्ज पाच महिने राहिलाच. ते पाच महिने त्याला जुन्या पगाराच्या हिशेबानं भरावे लागले. इथल्यांनी आधी अर्ज टाका, मग रेझ्युमे. काउंटीच्या चाइल्ड सपोर्ट खात्याकडे पुनर्विचार मागायला पैसे पडत नाहीत.

सातारी कंदी:
मुलगी येत्या मार्चमध्ये अठरा पूर्ण करते, बारावी सायन्सला आहे. तिचे वडील म्हणतात, वाढदिवसापासून पैसे बंद. असं होतं का? आणि मागच्या दीड वर्षाचे पैसे आलेलेच नाहीत. तेही गेले का?

वकीलीण:
ताई, दोन्हींची उत्तरं देते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५, म्हणजे नव्या नागरिक सुरक्षा संहितेतलं १४४, याखाली पोटगी मुलांना सज्ञान होईपर्यंतच. त्यापुढे फक्त शारीरिक वा मानसिक अपंगत्वामुळे स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्यांना. पण हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ च्या कलम २० खाली अविवाहित मुलीला, तिला स्वतःचा निर्वाह करता येत नसेल तर, लग्न होईपर्यंत वडिलांकडून निर्वाह मागता येतो. सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२० मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलंय. त्यासाठी वेगळी मागणी करावी लागेल, आणि सज्ञान झाल्यावर अर्जदार मुलगी स्वतः. मार्चची वाट बघू नका, कागद आत्ताच जमवा.

थकबाकीचं जास्त तातडीचं आहे. वॉरंटनं वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. म्हणजे दीड वर्षातले सुरुवातीचे महिने या वाटेनं हातचे निसटत चाललेत, आणि दर महिन्याला आणखी एक निसटतोय. उद्याच जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. बाई आणि मूल यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, फोन १५१००. जाताना हुकमाची नक्कल आणि बँकेचं पासबुक भरून घेऊन जा, कोणत्या महिन्यांचे पैसे आले नाहीत ते पेन्सिलीनं खूण करून.