मोतीच्या पोटावर लाल चट्टे: सोसायटी ग्रुप

बी-४०२: मोतीच्या पोटावर लाल चट्टे उठलेत, हात लावला की कुरकुरतो. पिसवा नाहीत, बघितलं. रोज गच्चीवर उताणा पडून असतो. उन्हाने असं होतं का?

ए-१०१: कुत्र्याला कसलं ऊन लागतंय! अंगभर केस आहेत की. रस्त्यावरची दिवसभर उन्हातच असतात.

सी-२०३ (व्हेट): काका, भर दुपारी बघा, सगळी गाड्यांखाली सापडतील 😄 आणि केस अंगभर नसतातच. पोट, जांघा, नाकाचा शेंडा, कानांची टोकं, पापण्या, इथे कातडी जवळजवळ उघडीच. मोती पांढरा, आखूड केसांचा, पोट गुलाबी. डाल्मेशियन, बॉक्सर, पांढरे बुल टेरियर यांना हा त्रास ठरलेला. शिवाय गच्चीच्या फरशीवरून ऊन उलटून येतं, उभा राहिला तरी खालून पोटाला लागतं.

ए-१०१: बरं बुवा. पण आपोआप जाईल ना?

सी-२०३: या वेळचं जाईल. वर्षानुवर्षं भाजत राहिलं तर कातडी जाड, खरखरीत होते आणि पुढे कॅन्सरही होऊ शकतो. भरून न येणारी जखम किंवा जांभळट गाठ दिसली तर थांबू नका.

बी-४०२: बाप रे. आत्ता काय लावू? कोरफड आहे घरात.

सी-२०३: कोरफड नको, चाटेल. सालीलगतचा पिवळा चीक पोटात गेला की उलट्या-जुलाब. गार पाण्यात भिजवलेलं सुती फडकं ठेवा, बर्फ नको. आपल्या दुखण्याच्या गोळ्या अजिबात नाहीत, आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल दोन्ही कुत्र्याला विषारी ठरू शकतात. आणि उद्या घेऊन या, अॅलर्जीही अशीच दिसते. फोड आले किंवा जेवला नाही तर आजच.

सेक्रेटरी: उद्या टाकी धुणार आहेत, सकाळी ९ ते १ पाणी बंद.

डी-५०४: ताई, आमच्या बाळाचं सनस्क्रीन देऊ का? एकदम सौम्य आहे.

सी-२०३: नका देऊ! लहान मुलांच्या सनस्क्रीनमध्ये बरेचदा झिंक ऑक्साइड असतं. बाळ ते चाटत नाही, कुत्रा चाटतोच. पोटात जास्त गेलं तर तांबड्या पेशी फुटून रक्तक्षय होतो. सॅलिसिलेट (अॅस्पिरिनच्या जातीचं रसायन) असलेलंही नको. खास कुत्र्यांसाठीचं घ्यायचं, नाकाला आणि कानांना लावायचं आणि १५-२० मिनिटं खेळवत ठेवायचं, म्हणजे जीभ तिकडे जात नाही. चट्टे बरे होईपर्यंत पोटाला मात्र काही चोपडू नका.

डी-५०४: पोटाला मग टी-शर्टच घाला की.

सी-२०३: हो, तेच उत्तम. यूपीएफ ५० लिहिलेलं कापड अतिनील किरणांचा जेमतेम पन्नासावा भाग आत सोडतं. फक्त हलकं हवं, नाहीतर ऊन वाचवता वाचवता उष्माघात व्हायचा.

ए-६०३: मी शेरूला उन्हाळ्यासाठी बारीक करून आणणार होते. जर्मन शेफर्ड आहे, फार केस.

सी-२०३: मशीन फिरवू नका. शेरूच्या केसांचे दोन थर असतात, बाहेर राठ आणि आत मऊ. हा डबल कोट उन्हालाही अडवतो आणि उष्णतेलाही. विंचरून आतले सुटे केस काढा, तेवढं पुरे.

बी-४०२: आणि बाल्कनीच्या काचेआड बसला तर?

सी-२०३: अतिनील किरणांचे दोन प्रकार: कातडी जास्त भाजणारे यूव्हीबी काच बहुतेक अडवते, दुसरे यूव्हीए बरेच आत येतात. त्यामुळे गच्चीपेक्षा बरं, पण तासन्‌तास नको. १० ते ४ गच्ची बंदच ठेवा. ढगाळ असलं तरी.

बी-४०२: सेक्रेटरी, गच्चीच्या दाराला तेवढ्या वेळात कडी लावता येईल? उघडं दिसलं की हा पळतोच.

सेक्रेटरी: कपडे वाळत घालणारे माझ्या नावाने शंख करतील.

ए-१०१: कडी वरच्या बाजूला बसवा. माणसाचा हात पोचेल, मोतीचा नाही. स्क्रू-ड्रायव्हर आहे माझ्याकडे, संध्याकाळी येतो.

बी-४०२: काका 🙏