बँकेत आधी यंत्र की आधी करार?

तापीकाठ: शाखेतलं काम केंद्रीय कार्यालयाकडं नेणं, काउंटर कमी करणं, गावोगाव बँकमित्र (बँकेच्या वतीनं गावात पैसे देणारे-घेणारे बाहेरचे प्रतिनिधी) नेमणं, हे कर्मचारी संघटनेशी करार केल्याशिवाय होऊ नये असं माझं मत. 1983 च्या संगणकीकरणाच्या करारात यंत्रं किती, कुठं आणि चालवणाऱ्याला भत्ता काय, हे कागदावर आलं. म्हणून लेजर पोस्टिंग मशीन, म्हणजे खातेवहीतल्या नोंदी करणारं यंत्र, रुळली.

शून्य_फरक: रुळली, पण दशक गेलं. यंत्रांची संख्याच बांधलेली, त्यामुळं काही खाती मशीनवर, बाकीची जाड लेजरात. संध्याकाळी दोन्ही बेरजा जनरल लेजरशी, म्हणजे शाखेच्या मुख्य खातेवहीशी, जुळवायच्या. फरक निघाला की आधी तो कुठल्या बाजूचा ते शोधा! 1993 ला पुन्हा करार झाला तेव्हा कुठं गाडी हलली. तोवर नव्या खासगी बँका कोऱ्या पाटीवर उभ्या राहायला लागल्या होत्या.

केळीपट्टा: बरोबर शे आबा, पन दोष कराराचा नाही, त्यात काय मागितलं त्याचा आहे. भत्ता मागितला, यंत्रामागं माणसं किती ते लिहून घेतलं नाही. 2006 ला रिझर्व्ह बँकेनं बँकमित्राची वाट उघडली. तो कमिशनवर, बहुतेकदा मधल्या कंपनीमार्फत, म्हणजे बँका आणि कर्मचारी संघटनांमधल्या द्विपक्षीय कराराच्या बाहेरच. रावेर-यावलच्या केळी कापणाऱ्या मजुराचा, पैसे काढताना ओळख पटवायचा बोटाचा ठसा घासलेला, बोटं चिकानं काळी. बोटं बदलून बघावी लागतात. मध्येच रेंज गेली तर खात्यातून रक्कम वजा, हातात काही नाही. तक्रार घेणारा काउंटर आपणच बंद केलेला.

शून्य_फरक: हा मनुष्यबळाचा प्रश्न झाला. करार कशाला मध्ये?

धडगाव_घाट: कारण मनुष्यबळावरच यंत्राची सुरक्षा उभी आहे. एकानं नोंद करायची, दुसऱ्यानं मंजूर करायची, तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडं. सातपुड्यातल्या तीन माणसांच्या शाखेत एक रजेवर, एक वसुलीला गेला की उरलेला दुसऱ्याचा पासवर्ड वापरतो. अपहार झाला की चौकशी त्याच्यावर, माणसं कमी करणाऱ्यावर नाही.

तापीकाठ: आणि औद्योगिक विवाद कायद्याचं कलम 9अ आहेच. सेवाशर्तीतल्या बदलाआधी 21 दिवसांची नोटीस लागते.

शून्य_फरक: तो कायदा गेला. 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू आहे. 21 दिवस तिथंही आहेत, पण नोटीस लागणाऱ्या बदलांच्या यादीतली यंत्रसुधारणेची नोंद ‘कामगार कपात होण्याची शक्यता’ असेल तरच लागू होते. बँक कुणाला काढतच नाही. निवृत्त झालेल्याची जागा भरत नाही, इतकंच.

तापीकाठ: त्याच यादीतली पुढचीच नोंद वाचा, भाऊ. एखाद्या कामातली किंवा विभागातली माणसं वाढवणं-घटवणं हाही बदलच धरलाय. भांडायचं तर तिथं. अधिकाऱ्यांना मात्र हा आडोसा नाही, ते ‘कामगार’ व्याख्येत बसत नाहीत. आणि काउंटर कमी झाला की काम त्यांच्याच टेबलावर येतं.

शून्य_फरक: मान्य. पण प्रत्येक सॉफ्टवेअर बदलाला नोटीस लावली तर बँकांचं विलीनीकरण, त्यांची खाती एका प्रणालीत आणणं, कधी व्हायचं?

धडगाव_घाट: सॉफ्टवेअरला नको. खाती नव्या प्रणालीत हलवताना संयुक्त खात्याची चालवण्याची पद्धत, वारसनोंद आणि पीककर्जाची मर्यादा चुकीची उतरते, ते तपासायला रोजच्या कामाबाहेरचा माणूस द्या. तो कुठून येणार, किती दिवस राहणार, हे करारात लिहा.

शून्य_फरक: आणि तो आला नाही तर हलवणं पुढं ढकलायचं, हेही लिहिणार का? बँक सही करायची नाही.

केळीपट्टा: तेच कलम आधी मागा. भत्त्याचं नंतर बघू.