गुहागरच्या घरी कुटुंबासह कायमचे राहायला जावे का?

प्रश्न : ओसरी

नमस्कार. आम्ही ठाण्यात राहतो. यजमानांचे मूळ घर गुहागर तालुक्यात असून सासू-सासरे तिथेच राहून नारळी-पोफळीचे आगर सांभाळतात. मुलगी तिसरीत आहे, यजमानांचे बरेचसे काम आता घरून होते आणि माझी नोकरी सोडण्याची तयारी आहे.

ठाण्यात आम्ही तिघे एकाच घरात असूनही एकमेकांना भेटतो ते रात्री जेवताना, तेही दमलेले. गावी मात्र मुलगी सकाळी आजोबांच्या मागोमाग आगरात जाते आणि पाटाचे पाणी एका आळ्यातून दुसऱ्या आळ्यात कसे वळवायचे हे त्यांच्याकडून शिकते. दोघे न्याहारीला परत येतात तेव्हा तिच्यापाशी आजीला सांगण्यासारखे पुष्कळ काही असते. मला घरात असे दिवस हवे आहेत. परंतु हा संथपणा तिथल्या जगण्यातच आहे, की आम्ही सुट्टीतले पाहुणे असल्यामुळे तो आमच्या वाट्याला येतो, हे मला बारा महिने तिथे राहणाऱ्यांकडून समजून घ्यायचे आहे.

उत्तर : दापोलीकर

ताई, संथपणा खरा आहे, पण त्यात रिकामा वेळ फार नसतो. आमच्याकडे मे महिना हा वर्षातला सर्वांत धावपळीचा महिना. त्यालाच आम्ही अगोटीची तयारी म्हणतो. पाऊस लागला की चार महिने काही वाळत नाही, म्हणून फाटी म्हणजे जळाऊ लाकडे फोडून पडवीत रचायची, कौले परतायची, कुळीथ-मसाले भरून ठेवायचे, फणसाच्या आठळ्या मातीत घोळवून ठेवायच्या. हे सगळे मिरगाच्या आत उरकावे लागते, त्यामुळे घरातले लहानथोर एकाच कामाला लागलेले असतात. आपल्याला जे एकत्रपण जाणवले ते बहुधा इथून येते, कारण कामाची जागा आणि राहण्याची जागा एकच आहे.

संथपणाची दुसरी बाजूही आपण पाहून ठेवावी. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि श्रीवर्धन, दिवेआगरपासून आमच्या केळशी-हर्णैपर्यंतच्या नारळी-पोफळीच्या कित्येक वाड्या एका दुपारीत आडव्या झाल्या. पोफळ लावल्यानंतर उत्पन्न हाती यायला सहा-सात वर्षे जातात. त्या काळात घर चालवायला दुसरी मिळकत हवी, आणि ती ज्यांच्यापाशी होती त्यांनाच नवी रोपे लावून धीराने थांबता आले. यजमानांचे काम गावातून चालू राहणार असेल तर आपला पाया भक्कम आहे. केवळ आगराच्या भरवशावर येणार असाल तर मी थांबा म्हणेन.

उत्तर : पोफळी

मी लग्नानंतर सिंधुदुर्गात आले आणि इथेच रमले, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

कोकणातल्या ज्या भरल्या घराची आठवण सगळे काढतात, त्या घरात कर्ता पुरुष बहुतेक वेळा नसायचाच. तो गिरणीत किंवा गोदीत असे, मुंबईच्या खोलीत इतर गाववाल्यांबरोबर राही, दरमहा मनीऑर्डर पाठवी आणि गणपती-शिमग्याला येई. शेत, गुरे, म्हातारी माणसे आणि मुले घरातल्या बायकांनी सांभाळली. 2011 च्या जनगणनेतही रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया होत्या, आणि रत्नागिरी व सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या 2001 पेक्षा घटलेली होती. म्हणजे नवरा, बायको, मूल आणि आजी-आजोबा वर्षभर एका छपराखाली राहणार, हे आमच्याकडच्या अनेक घरांना पिढ्यान्‌पिढ्या परवडले नव्हते. आपल्याला ते शक्य होत असेल तर माझ्या मते ते मोठे भाग्य आहे आणि त्यासाठी थोडी मिळकत सोडावी लागली तरी सोडावी.

मात्र हे सुख कोणाच्या कष्टावर उभे राहणार, हे आधी बोलून घ्या. आमसुलाचेच पाहा. रातांबे म्हणजे कोकमाची फळे गोळा करायची, फोडून बिया आणि गर वेगळा करायचा, साली रसात बुडवून उन्हात घालायच्या, वाळल्या की पुन्हा बुडवायच्या, असे काही दिवस चालते आणि मध्येच वळवाचा पाऊस आला तर सगळे उचलून घरात पळावे लागते. त्याच दिवसांत मुंबईची मंडळी सुट्टीला आलेली असतात आणि चुलीवर सकाळपासून आधण असते. ओसरीवर बसलेल्याला हा महिना निवांत वाटतो, स्वयंपाकघरातलीला वाटत नाही. आमच्या घरी पाहुण्यांच्या दिवसांत पुरुषांनी पाणी, भांडी आणि वाढप सांभाळायचे असे ठरले, आणि तेव्हापासून संध्याकाळी मलाही पायरीवर टेकायला मिळते. आपल्या सासूबाईंचे वय लक्षात घेता त्यांच्या हातची कोणती कामे आपण घेणार आणि कोणती यजमान घेणार, हे जाण्यापूर्वी ठरवलेले बरे.

मुलांना काय मिळते, असे कोणी विचारले तर मी माझ्या सासूबाईंचे शेवटचे आजारपण सांगते. त्या घरीच होत्या. मुले शाळेतून आली की त्यांच्या खाटेशी बसून अभ्यास करीत, त्यांना पेज भरवीत. म्हातारपण म्हणजे काय हे त्यांनी जवळून पाहिले आणि ती घाबरली नाहीत.

ओसरी

दोघांचेही मनापासून आभार. कामाच्या वाटणीचा विचार मी केवळ माझ्या बाजूने केला होता, यजमानांशी आजच बोलते. येत्या जूनपासून पहिला पावसाळा तिथे काढून मग नोकरीचा निर्णय घ्यावा, असे वाटू लागले आहे.

उत्तर : मिरग

पावसाळ्याचा विचार योग्य आहे. वीज आणि इंटरनेट यांची खरी परीक्षा तेव्हाच होते, आणि रात्री-अपरात्री डॉक्टरांकडे न्यायचे झाले तर चिपळूण किती दूर आहे हेही तेव्हाच उमगते. शाळेची इमारत पाहून समाधान मानू नका, पट विचारा. वर्गात दोन-तीनच मुले असतील तर शिक्षकांचे लक्ष भरपूर मिळते, पण मुलीला सोबती कमी पडतात.

एक बाब कोणी मांडली नाही. घर आणि आगर सामायिक आहे का, हे पाहून घ्या. सात-बाऱ्यावर चुलत्या-आत्यांची नावे असतील तर छपराची दुरुस्ती, नवी विहीर, झाडांचे उत्पन्न या प्रत्येक गोष्टीवर पुढे बोलणी निघू शकतात, आणि राहणाऱ्यालाच ती ऐकावी लागतात. सर्व हिस्सेदारांची संमती असेल तर शेतजमिनीच्या वाटपासाठी महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 च्या कलम 85 खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. येत्या गणपतीत सगळी भावंडे घरी जमतील तेव्हा सासऱ्यांनीच हा विषय काढावा. त्यांचा शब्द आज सगळे मानतात, पुढच्या पिढीत तो शब्द टाकणारे कोणी असेलच असे नाही.