गणपतराव देशमुख : ११ विजय सगळ्यांना पाठ, दोन पराभव कुणालाच आठवत नाहीत

कोरडवाहू

काल तो मजकूर पुन्हा आला. एसटीनं फिरणारे आमदार, एकाच मतदारसंघातून ११ वेळा विजयी, देशातला विक्रम, असा माणूस होणे नाही. खाली हात जोडणाऱ्यांची रांग. मी सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोला तालुक्यातला. आमच्या घरात आबासाहेबांचा, म्हणजे गणपतरावांचा, फोटो देवघराशेजारी आहे. तरीही हा मजकूर दिसला की माझं डोकं फिरतं.

आबासाहेब साधे होते हे खरंच आहे, पण साधेपणाला मतं पडली असती तर १९७२ ला आणि १९९५ ला ते पडले नसते. १९६२ ला पहिल्यांदा आमदार, १९६७ ला पुन्हा. १९७२ ला पराभव. १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले ते थेट १९९५ पर्यंत. १९९५ ला शहाजीबापू पाटील काँग्रेसकडून उभे होते, त्यांनी १९२ मतांनी पाडलं. १९९९ ला परत आले आणि २०१९ ला स्वतःहून थांबले.

आता या दोन खंडांत काय घडलं ते बघा. मार्च १९७२ ला निवडणूक झाली आणि त्याच पावसाळ्यात तो दुष्काळ पडला. महाराष्ट्र खडी फोडत होता तेव्हा सांगोल्यानं आपला सगळ्यात अभ्यासू माणूस घरी बसवला होता. १९९६ ला कृष्णा खोरे विकास महामंडळ झालं, टेंभू उपसा सिंचन योजनेला प्रशासकीय मान्यता मिळाली. कुठल्या तालुक्याला किती पाणी हे कागदावर ठरत होतं तेव्हाही आपला माणूस सभागृहाबाहेर. दोन्ही वेळा आपणच बाहेर ठेवला. अकराचं कौतुक करणाऱ्यांनी या दोनचा हिशेब कधी दिलाय?

भगवा डाळिंब

तुमच्याच लिहिण्यातून उलटा अर्थ निघतो, तो दिसत नाही का? टेंभूला मान्यता मिळाली ती आबा सभागृहात नसताना. म्हणजे त्यांच्यावाचून अडलं नाही. त्याआधी १९७४ ते १९९५, सलग २१ वर्षं ते आमदार होते. १९७७ ला विरोधी पक्षनेते, १९७८ ला शरद पवारांच्या पुलोद सरकारात मंत्री. त्या २१ वर्षांत कृष्णेचं किती पाणी आलं तालुक्यात?

माझी साडेचार एकर डाळिंब होती. बागेला टँकरनं पाणी घातलंय मी. बायकोच्या पाटल्या मोडल्यात टँकरसाठी. साधेपणाचं कौतुक तुम्ही करा, मला पाणी पाहिजे होतं.

आकडेमोड

वाद घाला, पण आकडे नीट ठेवा. कुणी ५४ वर्षं आमदार म्हणतं, कुणी ५५. १९६२ ते ७२ दहा, १९७४ ते ९५ एकवीस, १९९९ ते २०१९ वीस. एकूण ५१.

आणि देशातला विक्रम म्हणणंही सोडा. केरळात पालातून के. एम. मणी १३ वेळा निवडून आले. ओमन चंडी पुथुपल्लीतून १९७० ते २०२१ सलग १२ वेळा, एकच मतदारसंघ, मध्ये एकही पराभव नाही. करुणानिधी १३ वेळा जिंकले, पण मतदारसंघ बदलत. आबासाहेबांचं मोठेपण मोजायला चुकीचा विक्रम कशाला लागतो? चंडींच्या मागं काँग्रेस होती. गणपतरावांच्या मागं जो शेतकरी कामगार पक्ष (शेकाप) होता तो १९७८ ला १३ आमदारांचा होता आणि २०१४ ला तीनचा. पक्ष आटत गेला आणि त्यातला एक माणूस निवडून येत राहिला. मला विचाराल तर हे चंडींच्या बारापेक्षा अवघड आहे.

कोरडवाहू

विक्रमाचं मान्य, मीही चुकीचंच ऐकत आलो होतो.

भगवा डाळिंब, तुम्ही २१ वर्षांचा हिशेब विचारता, पण त्या २१ पैकी सत्तेत किती? पुलोद दीड-पावणेदोन वर्षांत बरखास्त झालं. बाकी सगळा काळ विरोधी बाकावर. तेव्हा पाण्याची किल्ली कुणाकडं होती? धरणं कुठं झाली, कालवे कुठं वळले, ऊस कुणाच्या शिवारात उभा राहिला? विरोधी आमदाराला पाणी देऊन त्याची जागा पक्की करायला मुख्यमंत्री काय वेडे होते?

भगवा डाळिंब

मग पन्नास वर्षं विरोधातल्या माणसाला निवडून देऊन आपण काय मिळवलं, हाच माझा प्रश्न आहे! तुम्हीच उत्तर दिलंत.

माणकाठची लेक

दोघंही पाण्यावर आलात, आणि पाणी परिषदेचं नाव एकानंही घेतलं नाही. आश्चर्य वाटतं.

१९९३ पासून आटपाडीला पाणी परिषद भरायची. नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर आणि आबासाहेब. १३ दुष्काळी तालुक्यांची माणसं यायची. माझे वडील दरवर्षी भाकरी बांधून जायचे, सांगोल्याहून ट्रकमध्ये उभं राहून. बच्छावत लवादानं महाराष्ट्राला कृष्णेचं ५६० टीएमसी पाणी दिलं होतं आणि ३१ मे २००० नंतर त्या वाटपाचा फेरविचार होणार होता. तोवर पाणी अडवलं नाही तर हक्क जाईल, हे आमच्यासारख्या अडाणी घरात पाठ होतं, ते त्या परिषदांमुळं. १९९६ चं महामंडळ आभाळातून पडलं नाही. आबासाहेब तेव्हा आमदार नव्हते, पण मांडवात होते.

त्यामुळं धागा काढणाऱ्यांचंही मला पटत नाही. 'सभागृहाबाहेर होते म्हणून नुकसान झालं' म्हणजे आमदारकी असली तरच माणूस कामाचा. त्यांनी स्वतः तसं कधी मानलं नाही.

भगवा डाळिंब

ताई, परिषदेत ठराव काय होता? प्रत्येक कुटुंबाला समान पाणी, भूमिहीनालासुद्धा. आणि प्रत्यक्षात काय झालं? आधी पोचलं त्याचं झालं. टेंभू उचलतो कऱ्हाडजवळ आणि शेवटाला आम्ही. शेवटच्या माणसाला किती मिळतं ते कधी आवर्तनाच्या, म्हणजे पाणी सोडण्याच्या पाळीच्या, वेळी येऊन बघा. पुण्यात बसून चळवळीच्या आठवणी गोड वाटतात.

माणकाठची लेक

पुण्यात बसून? माझी आई ७२ च्या दुष्काळी कामावर होती. सातव्या महिन्यात खडी फोडली तिनं. माझा मोठा भाऊ त्या कामावरच्या सावलीच्या तट्ट्याखाली वाढला. मी पुण्याला नोकरीला आले कारण गावात पाणी नव्हतं. तुम्ही बायकोच्या पाटल्यांचं सांगितलंत, मी वाचलं आणि मला वाईट वाटलं. माझ्या आईच्या हातांवर मात्र 'गोड आठवणी' म्हणून बोट ठेवू नका.

आणि समान पाण्याचं म्हणाल तर त्या ठरावामुळंच बंदिस्त नळातून पाणी द्यायचा आटपाडी पॅटर्न पुढं आला. पूर्ण झालं नाही हे खरं. मागणीच चूक होती असं म्हणायचंय का तुम्हाला?

भगवा डाळिंब

आईंबद्दल मला काही म्हणायचं नव्हतं. शब्द मागं घेतो.

मागणी चूक नव्हती. पण ती करणाऱ्या पक्षात ती ओढून न्यायची ताकद उरली नव्हती, आणि हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. आम्ही पक्षाच्या निशाणीच्या त्या खटाऱ्यात बसून राहिलो.

अलिबागकर

सांगोलेकर रागावतील, तरी लिहितो. ताकद कुठं गेली ते आम्हा रायगडच्या शेकापवाल्यांना विचारा. १९९९ ला विलासरावांच्या आघाडी सरकारात शेकाप होता आणि गणपतराव मंत्री होते. वीस वर्षांनी सत्ता हातात आली होती. २००२ ला शेकापनं पाठिंबा काढला, कशावरून? रायगडच्या राजकारणावरून. आमच्याकडच्या राष्ट्रवादीशी आमच्या पुढाऱ्यांचं जमेना म्हणून. सांगोल्याच्या माणसाचं मंत्रिपद त्यात गेलं. मी तेव्हा तरुण कार्यकर्ता होतो आणि आम्ही इकडं त्याचा अभिमान बाळगत होतो. आज लाज वाटते. माण नदीच्या काठी काय चाललंय याचा विचार आमच्या बैठकीत एका माणसानं केला नव्हता.

कोरडवाहू

हे लिहायला धाडस लागतं. आमच्याकडं हे कुणी मोठ्यानं बोलत नाही. पक्षाचा आदेश आणि आबांचा शब्द, विषय संपला. भगवा डाळिंब म्हणतात त्यातला हा भाग मला मान्य करावा लागतो. मनातून करायचा नव्हता.

तरणा गडी

मी ९८ चा. मला ७२ माहीत नाही, पुलोद माहीत नाही. माझं मत २०१९ ला पहिल्यांदा पडलं. तुम्ही सगळे तत्त्वाचं बोलताय, मग नातवाचं कुणी बोलणार का?

आबासाहेब थांबले. पक्षानं एका कार्यकर्त्याचं नाव जाहीर केलं. मग गोंधळ झाला आणि उमेदवारी अनिकेत देशमुखांना. ७६८ मतांनी हरले, शहाजीबापूंकडूनच. २०२४ ला दुसरे नातू, बाबासाहेब देशमुख, २५ हजारांच्या आसपास मतांनी जिंकले. म्हणजे आयुष्यभर घराण्यांविरुद्ध लढलेल्या पक्षाचा आज विधानसभेत एकच आमदार आहे आणि तो नातू आहे. माझ्या वडिलांनी तीस वर्षं पक्षाच्या सतरंज्या उचलल्या, त्यांच्या पोरानं तिकीट मागितलं असतं तर?

माणकाठची लेक

नाव बदलायला लावणारे कोण होते ते विचार वडिलांना. घराण्यानं मागितलं नव्हतं, कार्यकर्तेच रस्त्यावर आले होते. सतरंजी उचलणारेच.

तरणा गडी

तेच तर जास्त वाईट आहे, ताई. माझे वडीलच त्यात पुढं होते. घरी भांडण झालं आमचं, दोन दिवस जेवलो नाही मी.

आकडेमोड

२०२४ ची लढत तिरंगी होती. महाविकास आघाडीनं ठाकरे गटाचा उमेदवार दिला, शेकाप वेगळा लढला, समोर शिंदे गटाकडून शहाजीबापू. तिसऱ्या उमेदवारानं ५० हजारांच्या आसपास मतं घेतली. ती कुणाची होती यावर विजयाचा अर्थ ठरतो. निव्वळ 'नातू म्हणून' जिंकले असं म्हणता येत नाही, तसं असतं तर २०१९ लाही नातूच होता.

भगवा डाळिंब

१९९५ चा १९२ आणि २०१९ चा ७६८, दोन्ही बापूंच्या नावावर. या माणसाला बाहेरचं जग फक्त गुवाहाटीच्या 'काय झाडी, काय डोंगार'साठी ओळखतं. आम्ही त्याला मतं दिली त्यामागं काही कारण होतं हे कुणी ऐकून घेत नाही. मी २०१९ ला बापूंना मत दिलं. पहिल्यांदाच. मतपेटीपुढं, म्हणजे त्या यंत्रापुढं, हात थरथरत होता. वडील असते तर घरात घेतलं नसतं. पण पाण्याची किल्ली सत्तेत असते हे तुम्हीच वर लिहिलंय, कोरडवाहू. मी तेच करून बघितलं.

कोरडवाहू

आणि मिळालं का?

भगवा डाळिंब

थोडं मिळालं. पण तोवर बाग गेली होती. तेल्या रोगातून वाचवली होती, खोडकिड्यानं नेली. २८ डिसेंबर २०२० ला शंभरावी किसान रेल्वे सांगोल्यातून बंगालला सुटली, पंतप्रधानांनी झेंडा दाखवला, आम्ही स्टेशनवर गेलो होतो. पुढं दोन वर्षांत अजनाळ्यापासून आमच्यापर्यंत शिवारंच्या शिवारं उपटली गेली. पाणी आलं तर बाग नाही. बाग होती तर पाणी नव्हतं. हा दोष मी आबांना देत नाही आणि बापूंनाही देत नाही. पण मग एसटीच्या फोटोला हात जोडा असं मला कुणी सांगू नका.

माणकाठची लेक

सूतगिरणीचं तरी नाव घ्या कुणीतरी. तालुक्यात कापूस पिकत नाही, तरी आबासाहेबांनी गिरणी उभी केली आणि चालवून दाखवली. राज्यात किती सूतगिरण्या बुडाल्या ते बघा. माझ्या दोन मावसबहिणी तिथल्या पगारावर शिकल्या. पाणी सत्तेकडं मागावं लागतं, हे तरी हातात होतं ते केलं ना?

भगवा डाळिंब

गिरणीबद्दल माझ्या तोंडून वाईट निघणार नाही. आमच्या वस्तीवरची तीन घरं त्यावर उभी आहेत. ते दिलं तुम्हाला. पाणी नाही देत.

तरणा गडी

वडिलांना आत्ता हा धागा वाचून दाखवला. ७२ ला पडल्यावर आबा त्यांच्या वस्तीवर आले होते म्हणतात, कामावरची हजेरी नीट लागते का बघायला. आमदार नव्हते तेव्हा. वडील तेव्हा दहा वर्षांचे. एवढंच सांगून उठले आणि बाहेर जाऊन बसले. तिकिटाचं मी पुन्हा काढलं नाही.

कोरडवाहू

वडिलांना विचारून ठेव, वस्ती कुठली आणि कोण कोण होतं तेव्हा. मी रविवारी गावी येतोय, वही घेऊन येतो. भगवा डाळिंब, तुमच्याकडंही येईन. आवर्तन सुटलेलं असलं तर शेवटचा बंधारा दाखवा.

भगवा डाळिंब

सुटलं तर फोन करतो. नाही सुटलं तरी या, कोरडा बंधारा दाखवतो.