मदत हवी आहे: प्लाझ्मा बॉलचा शॉक लागतो, रेग्युलेटर कितीचा लावू?

गिरगावकर
मुलाच्या वाढदिवसाला लॅमिंग्टन रोडवरून प्लाझ्मा बॉल आणला. काचेचा गोळा, आत जांभळ्या विजा नाचतात तो. काल मुलाला झटका बसला, बोट भाजलं. दुकानदार परत घेत नाही, म्हणतो हात लावायलाच तर असतो. रेग्युलेटर लावून व्होल्टेज कमी करता येईल का? कितीचा घेऊ? लवकर सांगा, पोरगं बॉलसाठी डोकं खातंय.

८.०५ची बदलापूर
अर्थिंग बघा आधी. आमच्या चाळीत पावसाळ्यात गिझरच्या नळाला हात लावला की झिणझिण्या यायच्या. वायरमनने दोन तासांत काम केलं.

सोल्डरवाला
अर्थिंगचा इथे काय संबंध? बुडातलं सर्किट अडॅप्टरच्या १२ व्होल्टचे काही हजार व्होल्ट करतं, तेही सेकंदाला तीसेक हजार वेळा उलटसुलट होणारे. मध्ये काच असल्याने हातात करंट जेमतेम येतो, नुसत्या बोटाने भाजत नाही. काचेवर धातूचं काही होतं का?

गिरगावकर
नव्हतं. म्हणजे पाचचं नाणं होतं वर. पण ते त्याच्या मित्राने ठेवलेलं.

सोल्डरवाला
'म्हणजे' काय! अहो, तेच कारण. नाणं काचेवरून बरीच वीज गोळा करतं आणि बोट जवळ आलं की ती सगळी एका टोकातून उडते. पांढरा ठिपका पडलाय ना?

गिरगावकर
हो, खसखशीएवढा.

आजीचा बटवा
टूथपेस्ट लावा, लगेच गार वाटतं.

सोल्डरवाला
टूथपेस्ट दातांना. भाजलं की लगेच वीसेक मिनिटं नळाखाली धरायचं. आणि पंख्याचा रेग्युलेटर अजिबात नको, अडॅप्टर जाईल.

८.०५ची बदलापूर
तुम्हाला सगळंच माहीत दिसतंय. मग माझ्या ऑफिसातल्या बॉलजवळ ट्यूबलाइट नुसती हातात धरली तरी कशी पेटते?

सोल्डरवाला
त्याच हजारो व्होल्टच्या फिल्डने, म्हणजे बॉलभोवतीच्या विद्युत क्षेत्राने. बॉलच्या आत निऑन-आर्गॉनसारखे वायू, ट्यूबमध्ये पाऱ्याची वाफ. वायर लागतेच असं नाही. आणि अर्थिंग तिथेही लागत नाही.

गिरगावकर
भांडू नका. आणखी एक, चालू असताना झेरॉक्सच्या दुकानासारखा वास येतो. आणि जवळ ठेवलेल्या लॅपटॉपवरचा बाण आपोआप पळतो.

रात्रपाळी
वास ओझोनचा. खिडकी उघडी ठेवा, तासन्‌तास चालू नको. बाण पळतो तोही फिल्डमुळे. घरात कुणाला पेसमेकर नाही ना?

गिरगावकर
बाबांना आहे, दोन वर्षं झाली. पण ते बॉलला हातसुद्धा लावत नाहीत. नुसते शेजारी बसून शब्दकोडं सोडवतात.

रात्रपाळी
हे पहिल्या ओळीत लिहायचं, काका! हात लावायची गरजच नाही, पेसमेकरच्या कामात अडथळा येऊ शकतो. आधी बंद करा, प्लग काढा. डॉक्टरांना विचारा, पेसमेकरसोबत मिळालेलं कार्ड जवळ असू द्या.

आजीचा बटवा
लाव्हा लॅम्प घ्या त्यापेक्षा. क्रॉफर्ड मार्केटजवळ मिळतो.

गिरगावकर
प्लग काढला. डॉक्टरांना उद्या सकाळी फोन करतो. बाबा विचारतायत, दिवा का घालवला, आडवे सात अक्षरी राहिलंय.

८.०५ची बदलापूर
तरी अर्थिंग बघून घ्या.