मुदत संपलेली अँटिबॉडी: वापरायची की ओतून द्यायची?

विश्रामबागकर
सांगलीत पीएच.डी. करतेय. फ्रीजमध्ये माणसाच्या सीडी४ ची (काही पांढऱ्या पेशींवरचं एक प्रोटीन) अँटिबॉडी आहे, म्हणजे त्यालाच चिकटणारं प्रोटीन. वर एफआयटीसी हा चमकणारा रंग लावलेला. लेबलवरची मुदत मार्चमध्ये संपली, आता जुलै. अर्ध्याहून जास्त व्हायल (छोटी बाटली) शिल्लक. सर म्हणतात वापर, सीनियर म्हणते टाक. नवी यायला सहा आठवडे, आणि ग्रँट तळाला गेलीय. माझं मत, वापरावी. ती तारीख म्हणजे कंपनीची हमी, प्रोटीनची मृत्युतिथी नव्हे.

जुना टेक्निशियन
साफ नाही. ३० वर्षं मिरजेत रक्त तपासतोय. तारीख गेली की गेली. उद्या रिसर्च पेपर तपासणाऱ्यानं बाटलीचा लॉट नंबर मागितला तर काय सांगशील पोरी?

कृष्णाकाठ
काका, दुधाची पिशवी आहे का ती? आत सोडियम अझाइड असतं, जंतू वाढत नाहीत. २ ते ८ अंशांत, अंधारात ठेवली तर तारखेनंतरही बरेच दिवस काम देते. घात करतो तो उजेड, नाहीतर बर्फ होणं. २०१९ च्या पुरात आमच्याकडे तीन दिवस लाइट नव्हती. मुदतीतल्या व्हायली फेकल्या आम्ही. तारखा चांगल्या ठणठणीत होत्या त्यांच्या!

जुना टेक्निशियन
मग तापमानाची वही दाखव म्हणावं. कॉलेजच्या फ्रीजमध्ये कुणाचं तरी ताक असतं आणि दार दिवसातून चाळीसदा उघडतं.

विश्रामबागकर
ताक नसतं हो काका. वही आहे. पण मे महिन्याची पानं कोरी आहेत.

पेशीवेडा
तारखेवरून भांडण्यापेक्षा रक्तालाच विचारा. निरोगी माणसाचं रक्त घ्या, लाल पेशी फोडा, उरलेल्या सगळ्या पांढऱ्या पेशी रंगवून फ्लो सायटोमीटरवर, म्हणजे एकेका पेशीची चमक मोजणाऱ्या यंत्रावर, एकत्र बघा. सीडी४ च्या चमकेच्या आलेखात तीन टेकड्या दिसायला हव्यात, उजवीकडे जाल तशी चमक जास्त. डावीकडे ज्यांच्यावर सीडी४ नाही त्या, उजवीकडे मदतनीस टी-पेशी, आणि मध्ये मोनोसाइट, ह्याही एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी. मोनोसाइटवरही सीडी४ असतं, पण थोडं. उजवी टेकडी शेवटपर्यंत तग धरते. चमक उतरली की आधी मधली डावीत विरघळते. मला तर हीच खरी एक्सपायरी वाटते. टायट्रेशनही, म्हणजे किती अँटिबॉडी घालायची ते ठरवणंही, परत करा. आणि हे फक्त साध्या एफआयटीसीपुरतं. पीई-साय७ सारखा जोडरंग (पीई आणि साय७ हे दोन रंग जोडून केलेला) असता तर मीही काकांच्या बाजूनं. तो तुटला की यंत्रात जिथं पीईची चमक मोजतात त्या खिडकीत खोटी चमक येते.

मिरजेची ताई
टेकड्या ठीक. पण अर्धे नमुने जुन्या व्हायलनं आणि अर्धे नव्या व्हायलनं रंगवले, तर चमक कमी झाली ती आजारानं की बाटलीनं? नवी मागवच. क्लोन (अँटिबॉडीचा नेमका वाण) तोच घे, नुसतं सीडी४ लिहिलंय म्हणून दुसरा नको, दोन क्लोन प्रोटीनच्या वेगळ्या जागी बसू शकतात. मग एकच रक्त दोन्हींनी रंगवून बघ.

जुना टेक्निशियन
ताई बरोबर. आणि पेशंटच्या रिपोर्टला तर हात लावू नका. लेबलवर 'फक्त संशोधनासाठी' असेल. एचआयव्हीच्या माणसाचा सीडी४ पेशींचा आकडा २०० च्या वर की खाली, यावर त्याची पुढची औषधं ठरतात.

विश्रामबागकर
पेशंटचे नमुने नाहीत, निरोगी रक्तदात्यांचे आहेत. आज माझंच रक्त रंगवलं. मधली टेकडी डावीला चिकटलीय असं मला वाटतं. सर म्हणतात, सुटी दिसतेय की.

जुना टेक्निशियन
आलेख टाक इथं.