सुट्टीतलं दवाखान्याचं काम आणि मानधन

वर एका ताईंनी विचारलंय, अकरावी-बारावीच्या मुलांना सुट्टीत दवाखान्याचं काम दाखवायचं, तर वर मानधन कशाला? माझ्या मते द्यायलाच हवं. आपल्या सोलापुरात विड्या वळणाऱ्या, यंत्रमागावर राबणाऱ्या घरांतली कितीतरी मुलं मे महिन्यात कमवायला जातात. मानधन नसेल तर ती फिरकणारही नाहीत आणि येतील ती डॉक्टरांचीच मुलं.

२०२४ ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना बारावी पासला महिना ६,००० रुपये देते, पण वयाची अट किमान १८. म्हणजे पुढे काय शिकायचं हे ठरवण्याच्या ऐन वयात हाती काहीच नाही.

रक्ताला हात लावू द्यायचा नाही, हे पक्कं. पण जांभळ्या टोपणाची नळी सीबीसीला, म्हणजे रक्तपेशी मोजायला, राखाडी साखरेला, आणि नळीवरचं नाव चुकलं तर रिपोर्टच दुसऱ्याचा, हे लॅबमध्ये शेजारी उभं राहूनच कळतं. केसपेपरच्या खिडकीवर तेलुगू-कन्नड बोलणाऱ्या आजींना तर आपली पोरं छान मदत करतील. एरवी घरात एकच घोष, ‘नीट’! डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा), जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा), डायलिसिस टेक्निशियन ही नावं बारावीचा निकाल लागल्यावरच कानावर पडतात.

ताई, तुमच्या ओळखीच्या हॉस्पिटलने चार मुलं घेतली तरी चालेल. शाळांशी मी बोलते.